नुल्पूच्या चालीची गाडी

नुल्पू खाली बसला, आणि गाडीवरच्या गारेननं वळून पाहिलं.

दमला म्हणून तो बसला नव्हता. बर्फगाडीनं झेप घेतली, मागचा दोर ताठ झाला, मानेला हिसका बसला, आणि त्या म्हाताऱ्या रेनडिअरनं पुढचे दोन्ही पाय बर्फात रोवून ढुंगण टेकलं. हट्टाला पेटलेलं पोर दुकानाच्या दारात बसतं, तसं. त्याच्याच मागे चालायची सवय असलेल्या सहाशे गाभण माद्या मागून येत होत्या. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. मग कळपाची पुढची कड कापड फाटावं तशी फाटली, आणि माद्या डावीकडे उजवीकडे, वाट फुटेल तिकडे पांगल्या.

गारेननं इंजिन बंद केलं.

इसात मामा स्कीवरून घसरत आला. तो आधी तिच्याकडे गेलाच नाही. नुल्पूपाशी गुडघे टेकून त्यानं त्याच्या मानेखालचे केस बाजूला सारून पाहिली, दोर सैल केला, आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मग मान वर करून म्हणाला, "याला ओढत नेतात का गं? हा काय ओंडका आहे?"

"मी ओढलं नाही मामा. गाडीच उडी मारते."

"मग गाडीला समजाव. याला समजावायला मी म्हातारा आहे इथे."

मागच्या आठवड्यात गारेननं घाईत गाडी एका झाकल्या दगडावर घातली होती. सायलेन्सर चेपून पापड झाला. कंपनीचा नवा यायला तीन आठवडे, आणि इथे तर दोन आठवडेही हातात नव्हते. तेव्हा मामेभाऊ इव्वारनं शहरातल्या कुणा शर्यतवाल्या मित्राकडून दुसराच सायलेन्सर आणला. पोटाशी फुगलेला, वजनाला हलका, चांदीसारखा चकचकीत. त्याच्यासोबत एका फाटक्या पिशवीत क्लचचं सामान होतं. एक कडक स्प्रिंग, तीन नवे काटे, मूठभर बारीक स्क्रू, आणि काय कुठे बसवायचं ते सांगणारा कागद. गारेन दोन वर्षं गाड्यांचं काम शिकून आली होती. कागद वाचला, एका दुपारी सगळं बसवलं, गाडीला सामानाची घसरगाडी जोडून पठारावर फेरी मारली. गाडी बाणासारखी सुटली. त्या दिवशी तिनं दोन वेळा जास्तीची कॉफी प्यायली आणि दोन्ही वेळा इव्वारला ऐकवलं, "बघ, याला म्हणतात काम."

नुल्पूला मागे बांधून पाहायचं मात्र तिला सुचलं नाही. घसरगाडी मुकाट ओढली जाते. तिला मान नसते.

आता पठारावर पांगलेल्या माद्या गोळा करायला इव्वारची सकाळ गेली होती, आणि दुपारही त्यातच जाणार होती. मामा लाव्वूसमोर, त्यांच्या शंकूसारख्या तंबूसमोर, बसून एका छोट्या रेडिओला कान लावून होता.

"काय म्हणतोय?" गारेननं विचारलं.

"उद्या दुपारपासून दक्षिणेचा वारा."

गारेननं समोर पाहिलं. राव्दोजावरीचं तळं पुढ्यातच पसरलं होतं, पाच किलोमीटर लांब, आणि त्याच्या काठचा बर्फ कालपासून राखाडी पडू लागला होता. रात्रीच्या गारठ्यानं वरची कवचं घट्ट होतात, ती सकाळी नऊपर्यंत टिकतात. म्हणजे पलीकडच्या विण्याच्या कुरणांवर पोचायला उद्याची पहाट, एवढीच. एकदा दक्षिणेचा वारा लागला की तळ्यावरचा बर्फ जाईल, तळ्यातून निघणारी नदी फुगेल, आणि माद्या अलीकडेच विणार. ओलं पाडस घेऊन फुगलेल्या नदीत उतरणारी मादी गारेननं सात वर्षांची असताना पाहिली होती. पाडस पाण्यात कसं दिसत होतं, ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"इव्वारची गाडी पुढे घेऊ या?" ती हळूच म्हणाली.

"आणि मागून कळप कशानं हाकायचा? या तुझ्या किंचाळणाऱ्या बाईनं? गाभणींच्या पाठीशी?" मामानं मान हलवली. "पुढे हीच. तीस वर्षं मी पुढे होतो. यंदा माझ्या खांद्यानं नाही म्हटलं, म्हणून तू आहेस. चल, उघड तिचं पोट."

गारेननं झाकण उघडलं.

क्लच म्हणजे तरी काय, जात्याच्या दगडांसारख्या दोन तबकड्या उभ्या करून समोरासमोर ठेवाव्यात, आणि मधून पट्टा जावा. स्प्रिंग त्या तबकड्या दूर धरते. इंजिन फिरू लागलं की तीन काटे गरगरत बाहेर फेकले जातात आणि तबकड्यांना जवळ ढकलतात. तबकड्या पट्ट्याला चिमटीत धरतात, गाडी चालू लागते. सगळा खेळ एवढाच, की कधी धरायचं आणि किती घट्ट. नव्या सायलेन्सरनं इंजिनाची ताकद वरच्या पट्टीत, म्हणजे जोरात फिरण्यावर, नेली होती. कागदानं सांगितलं होतं, इंजिन तिथे पोचेपर्यंत थांब, मगच धर. म्हणून ती कडक स्प्रिंग, म्हणून ते हलके काटे. गाडी किंचाळत किंचाळत थांबायची, आणि धरली की एकदम धरायची.

"तुझ्या कागदावर चालायचा वेग लिहिलाय?" मामानं विचारलं.

"नाही. पळायचा लिहिलाय."

"म्हणजे तो पळणाऱ्यांचा कागद."

तिनं कडक स्प्रिंग काढली. गाडीची जुनी नरम स्प्रिंग आणि जुने जड काटे परत बसवले. गाडीनं लवकर धरलं खरं, पण नव्या सायलेन्सरसकट खालच्या पट्टीत इंजिनात जीवच नव्हता. दोन हात सरकली, घुसमटली, खोकली, बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा खोकली.

"ही तर माझ्यासारखी चढ चढते," मामा म्हणाला.

गारेनला हसू आलं नाही. ती सूर्याकडे पाहत होती. सूर्य खाली आला होता, पण या दिवसांत तो घाई करत नाही. घाई फक्त तिच्या छातीत होती.

मग तिनं नरम स्प्रिंग तशीच ठेवून नवे हलके काटे घातले. त्या काट्यांना बारीक भोकं असतात. त्यांत स्क्रू भरले की काटा जड होतो, काढले की हलका. रिकामे काटे घालून गाडी चालू केली. या वेळी ती बंद पडली नाही.

"बरी वाटते," ती म्हणाली. पण तिचा आवाज स्वतःलाच विचारत होता.

"तुला बरी वाटते. मागून चालणाऱ्याला विचारलंस?"

"नुल्पू आता दोराजवळ येत नाही मामा. मघापासून तीनदा पाहिलं."

मामा उठला. त्यानं घसरगाडीवरचा दोर घेतला, एक टोक गाडीच्या मागच्या कडीला बांधलं, आणि दुसरं स्वतःच्या कमरेला.

"हे काय करतोयस?"

"रेनडिअर होतोय."

"मामा, खांदा!"

"खांद्याला बांधलंय का? कमरेला बांधलंय. आणि शिंगं नाहीत म्हणू नकोस, नुल्पूलाही नाहीत."

गारेन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. डॉक्टरांनी तीन महिने काही ओढायचं नाही असं बजावलं होतं. "नाही," ती म्हणाली, "तुला पाडलं तर उद्या कळपाच्या कडेला कोण?" ती खाली बसली आणि पायातल्या कातडी बुटावर गुंडाळलेली लाल पट्टी सोडली. आईनं विणलेली. टोकाशी झिजून विसविशीत झाली होती. तिथली लोकर तिनं उसवून काढली, दुपदरी वळली, आणि दोराच्या मध्यात वीतभर तुकडा त्या लाल धाग्याचा घातला. "आता हिसका बसला तर धागा तुटेल. तू नाही."

मामानं धाग्याकडे पाहिलं. पट्टी कुणाची ते त्यालाही ठाऊक होतं, बहीण त्याचीच. त्यानं कमरेची गाठ आवळली. म्हणाला, "हाक."

आणि तो चालू लागला नुल्पूच्या चालीनं. ती चाल त्याला पाठ होती, कारण नुल्पूचा योइक, त्याच्या नावाचं गुणगुणायचं गाणं, त्यानंच रचला होता, तो पहिल्यांदा दोराला लागला त्या वर्षी. आताही मामानं तो सुरू केला, घशातल्या घशात, एकेका शब्दावर दोन पावलं:

*बिनशिंग्या रे, मऊ पायाच्या,*
*तू नाही वाट चालत, लो ला,*
*वाट येते तुझ्यामागून,*
*लो ला, हळू, लो ला.*

"याच्या पुढे जायचं नाही," तो ओरडला. "मागे राहायचं नाही. लो ला वर लो ला पडला पाहिजे."

गारेननं अंगठ्यानं वेगाचा खटका दाबला. इंजिन गुरगुरलं. तबकड्यांनी पट्टा धरला. धागा तटकन तुटला.

गाठ मारली. पुन्हा. तुटला.

तिसऱ्यांदा धागा टिकला, पण गाडी थरथरत होती, जणू तिला हुडहुडी भरली होती. गारेननं झाकण उघडलं. रिकाम्या काट्यांवर पट्ट्याची पकड उशिरा बसत होती. प्रत्येकात थोडं वजन हवं होतं, थोडंच, मुळाशी, आणि तिन्हींत नेमकं सारखं. पिशवीतले स्क्रू एकमेकांत मिसळलेले. दिसायला सगळे भाऊभाऊ. तिनं डोळ्यांनी तीन सारखे निवडून घातले, तर थरथर वाढली.

"वजन करायला हवं," ती म्हणाली. "तराजू कुठून आणू?"

तेवढ्यात इव्वार आला. माद्या आल्या होत्या, तळ्याच्या काठी शेवाळ खरवडत होत्या. बापाच्या कमरेला दोर बघून तो थबकला.

"बाबांना जुंपलंस?" तो म्हणाला. "कधीतरी कुणीतरी करायलाच हवं होतं."

"तुझ्या सायलेन्सरनं जुंपलंय," मामा म्हणाला. "आणायचा तर जरा चालणाऱ्याचा आणायचास."

"मित्र म्हणाला, यावर डोंगर चढतो उभा."

"आम्हाला तळं ओलांडायचंय आडवं."

इव्वारच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं काठाचा बर्फ पाहिला होता. तो गारेनच्या शेजारी येऊन बसला. "काय लागतंय सांग."

तिनं स्कीची काठी मागितली. मध्यावर दोरा बांधून ती घसरगाडीच्या कमानीला टांगली. दोन टोकांना लाकडी पेले लटकवले, तिचा आणि इव्वारचा, ज्यांतून ते रोज कॉफी पीत. काठी झुलली, सावरली, आडवी झाली. वारा नव्हता. देवाची कृपा, वारा नव्हता. एका पेल्यात एक काटा आणि त्याचा स्क्रू, दुसऱ्यात दुसरा. जड निघेल त्या स्क्रूला कानशीनं दोन ओढ. पुन्हा पेल्यात. इव्वार श्वास रोखून बघत होता, आणि पेल्यावर श्वास पडू नये म्हणून मामानं तोंडावर मूठ धरली होती. पहिला दुसऱ्यासारखा, दुसरा तिसऱ्यासारखा. मग खात्रीला पुन्हा तिसरा पहिल्यासारखा. काठी आडवी राहिली.

तबकड्यांचे गाल तिनं स्पिरिटच्या फडक्यानं पुसले. पट्ट्याला आलेली चकाकी खरखरीत कागदानं काढली. झाकण लावलं.

मामा पुन्हा कमरेला दोर बांधून उभा राहिला. लो ला. खटका. गुरगुर. धागा ताणला गेला, लोकरीचे बारीक केस उभे राहिले, आणि मामा चालू लागला. हिसका नाही. दहा पावलं. वीस. गाडी थांबली, पुन्हा निघाली. पुन्हा थांबली. सातव्यांदा निघताना मामानं योइक थांबवला आणि नुसता चालत राहिला, कारण आता इंजिनच ती चाल धरून होतं.

"झाली," इव्वार म्हणाला.

"उद्या सांगेन," गारेन म्हणाली. आनंद व्हायला तिला भीती वाटत होती.

पहाटे कवचं घट्ट होती. पावलाखाली कुर्रकुर्र वाजत होतं. सूर्य क्षितिजाला चिकटून उभा होता, लाल, धाग्याच्या रंगाचा. कळप काठावर उभा होता. गारेननं चामड्याचा दोर हातात घेऊन नुल्पूला हाक मारली. तो आला, तिच्या तळव्यातलं शेवाळ खाल्लं, पण दोर मानेजवळ नेताच चारही पाय रोवून मागे झुकला. पुन्हा. पुन्हा तसंच. त्याच्या डोळ्यांत कालचा हिसका होता.

मागून इव्वारची हाक आली, "चला! नऊ वाजायला वेळ लागत नाही!"

गारेननं दोर खाली टाकला. खिशातून तो लाल धागा काढला. दोराऐवजी नुल्पूच्या मानेतल्या मऊ पट्ट्यात तिनं धाग्याचं टोक ओवलं आणि दुसरं टोक खाली टाकलेल्या दोराला जोडलं.

"काय करतेस?" मामा स्कीवरून जवळ आला. "सहाशे जीव एका धाग्याला?"

"दोर त्याच्या मानेला आठवतोय मामा. हा आठवणार नाही."

"आणि तुटला तर?"

"तुटला तर तो मोकळा होईल. पडणार तरी नाही."

मामानं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, भाचीकडे नव्हे, पुढे चालणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. "हळू," एवढंच म्हणाला, आणि कळपाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

खटका. गुरगुर. गारेननं मागे वळून पाहिलं नाही. पाहण्याची हिंमत नव्हती. पाठीनंच ऐकत राहिली. मग ऐकू आलं. रेनडिअर चालताना त्याच्या खुराजवळची शीर टिक वाजते. टिक. टिक. एक. मग दोन. मग शंभर, मग गणती नाही, जणू कुणी खारका फोडत बसलंय अख्ख्या तळ्यावर.

तळ्याच्या मध्यापर्यंत सगळं नीट होतं. मध्यात बर्फावर पाणी आलं होतं.

काळं, पसरलेलं, किती खोल ते कळेना. गारेन थांबली. थांबणं भाग होतं. लोखंडी काठी घेऊन ती उतरली, ठोकत पुढे गेली. पाण्याखाली बर्फ होता. होता, पण एका जागी काठी मऊ गेली. ती डावीकडे सरकली. तिथे टणक. आणखी डावीकडे. टणक. वाट होती, पण फेरा घेऊन.

ती मागे वळली. ती थांबली म्हणून कळप थांबला नव्हता. माद्या मागून येत होत्या, एकमेकींत दाटत होत्या. सहाशे जीवांचा भार एका जागी गोळा होत होता. बर्फ खालून बोलला. एक लांब, खोल, पोटातून आलेला आवाज, तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेला. माद्यांच्या माना वर झाल्या.

दूरवरून मामाचा आवाज आला, "गारेन! नीघ! पसरव त्यांना!"

नीघ. पण हळू. भरकन निघाली तर धागा जाईल, नुल्पू दचकेल, आणि दचकलेला कळप एकाच जागी गरगर फिरतो. हळू निघाली तर इंजिन घुसमटेल, बंद पडेल, आणि पुन्हा चालू होताना पहिल्यांदा ते किंचाळतंच.

ती गाडीवर बसली. अंगठा खटक्यावर ठेवला. अंगठा तिचा नव्हता, इतका गार पडला होता. तिनं घशातल्या घशात सुरू केलं. *बिनशिंग्या रे.* खटका केसभर दाबला. इंजिन गुरगुरलं, पण तबकड्यांनी अजून धरलं नव्हतं. *मऊ पायाच्या.* आणखी केसभर. आता पट्टा सरकल्याचं तिला बुडाखाली कळलं. हलकं, घरात झोपलेल्या लेकराशेजारून उठावं तसं. बर्फ पुन्हा बोलला. *तू नाही वाट चालत.* आता तिनं मागे पाहिलं.

धागा ताणला होता. दुपदरीतला एक पदर सुटला. तो तुटताना लाल ठिणगीसारखा उडाला. उरला एक पदर.

*लो ला.*

नुल्पूनं पाऊल उचललं.

टिक.

एक पदर तसाच राहिला, कधी ताठ, कधी सैल, पाण्याच्या कडेकडेनं, डावीकडच्या फेऱ्यावर, मागे माद्यांची लांब रेघ पुन्हा ओढली जात असताना. गारेननं अंगठा हलवला नाही. ना वर, ना खाली. पलीकडच्या काठाची बुटकी बर्चची झाडं मोठी होत गेली, आणि मग झाडांत फांद्या दिसू लागल्या, आणि मग फांद्यांवरचं दहिवर. गाडीच्या घसरपट्ट्यांखाली दगड करकरला. जमीन.

ती तशीच चढ चढून वर गेली, माद्यांना जागा व्हावी म्हणून. मग तिनं इंजिन बंद केलं.

शांतता झाली, आणि शांततेत सहाशे माद्यांचे पाय. टिक टिक टिक टिक, तिच्या दोन्ही बाजूंनी, वरच्या उघड्या पडलेल्या गवताकडे. शेवटची मादी काठावर आली. तिच्यामागे इव्वार. त्याच्याही मागे मामा, स्कीवरून, खांदा एका बाजूला झुकलेला. दक्षिणेकडून पहिली ऊबदार झुळूक आली आणि मामाच्या टोपीची रिबिन हलवून गेली.

मामानं आधी नुल्पूपाशी जाऊन त्याच्या मानेतून धागा सोडवला. मग गारेनजवळ आला. ती अजून गाडीवरच होती.

"उतर गं. पोचलो."

"मामा, अंगठा सरळ होत नाहीये."

खटक्यावर होता तसाच तो वाकलेला होता, पांढरा पडलेला. मामानं हातमोजे काढले. तिचा हात स्वतःच्या दोन्ही तळव्यांत धरला, घट्ट नाही, आणि घशातल्या घशात गुणगुणत एकेक पेर सरळ करू लागला.

"हळू," ती म्हणाली.

"मग काय, तुझ्या कागदावरचा वेग लावू?"